मुंगसाची फेरतपासणी

आमच्या घरात माणसं तीन आणि पक्षही तीन. नवरा म्हाताऱ्याच्या पक्षाचा, मी ट्रॅक्टरच्या आणि मुलगा मुंगसाच्या. ही नावं आम्हीच ठेवलेली. नवऱ्यानं ज्या विद्यापीठातून एम.एस. केलं, त्याच्या फुटबॉल संघाचे हे तीन रनिंग बॅक, तीन वेगवेगळ्या काळांतले. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला; त्याला फूट का म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही, कारण चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. रनिंग बॅकचं काम ऐकायला सोपं आहे. जोडीदाराकडून चेंडू मिळाला की तो पोटाशी धरायचा आणि समोरच्या अकरा धटिंगणांमधून जमेल तेवढं पुढं पळायचं. नवऱ्यानं मला पहिल्यांदा मॅच दाखवली तेव्हा म्हणाला, "पळणाऱ्याला एक वाट, शोधणाऱ्याला बारा वाटा म्हणतात ना, इथं शोधणारे अकरा आणि पळणाऱ्याला वाटच नाही." एवढ्या एका वाक्यावर मला खेळ कळला असं त्याला वाटलं.

संघाच्या आजवरच्या इतिहासात सगळ्यांत थोर रनिंग बॅक कोण, हा वाद आम्ही बारा वर्षं घातला. तो वाद मी जिंकले आणि मुलगा घालवला. असं म्हटलं की नवरा म्हणतो, तू उगाच नाटकी बोलतेस. मुलगा दुसऱ्या राज्यात, चँडलरला आहे, धडधाकट आहे, दर रविवारी फोन करतो. हे सगळं खरं आहे. पण तो माझ्याशी भांडत नाही. ज्यानं बारा वर्षं मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, त्याचं हे गप्प बसणं मला सोसत नाही. मला माझं भांडण परत हवंय, दुसरं काही नको.

मी मूळची गणिताची शिक्षिका. लग्नाआधी सांगलीत सहा वर्षं शाळेत शिकवलं आणि दर उन्हाळ्यात बोर्डाचे दहावीचे पेपर तपासले. माझा हात सैल आहे अशी तेव्हा ख्याती होती. पायऱ्यांचे गुण देण्यात मी कधी कंजुषी केली नाही. पोरानं सूत्र बरोबर लिहिलं, किमती बरोबर घातल्या, शेवटी वजाबाकीत घोटाळा केला, तर उत्तराचा एक गुण गेला, बाकीचे त्याचे. आमचे मुख्य परीक्षक म्हणायचे, "बाई, तुमच्याकडं गठ्ठा गेला की निकाल चार टक्के वाढतो." मला त्याचा अभिमान होता.

मग लग्न झालं, इकडं अमेरिकेत शुगर लँडला आले आणि व्हिसामुळं कैक वर्षं मला नोकरी करता येत नव्हती. नवरा तेलाच्या पाइपलाइनींच्या कामावर, रोज सकाळी ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये. मुलगा शाळेत जायला लागला आणि दुसरीपासून त्याचं मराठी आटायला लागलं. शाळा कशी झाली? फाइन. डब्यात काय खाल्लंस? स्टफ. पण शनिवारी मॅच लागली की याच पोराचं तोंड सुटायचं, बापाला प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. तो आठ वर्षांचा असताना मी ठरवलं, आपण हा खेळ शिकायचा. लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं, दहावीच्या पोरांना काढून देत होते तशा नोट्स काढल्या आणि दोन सीझनमध्ये नवऱ्याच्या पुढं गेले. तो अजून कुठल्या दंडाला किती यार्ड ते मला विचारतो.

वाद सुरू झाला तेव्हा मी एकच अट घातली. वाद मराठीत. इंग्रजी वाक्य आलं की एक गुण वजा. पोरगं इरेला पेटलं. शब्द कमी पडले की हातवारे करायचं, पण वाक्य मराठीतच संपवायचं. "आई, तो असा सुळकन... सुळकन काय करतो?" "निसटतो." "निसटतो! तुझा ट्रॅक्टर निसटतो का? तो फक्त ढकलतो!" त्याच्या मित्रांना वाटायचं आमच्या घरात रोज काहीतरी मोठं भांडण चालू आहे.

म्हातारा नवऱ्याचा. तो कृष्णधवल काळातला, नवऱ्याच्या प्राध्यापकांनी त्याला विद्यार्थी असताना पाहिलेला, म्हणून नवऱ्याचा त्याच्यावर विश्वास. त्याच्या बाजूनं पुरावा म्हणजे दोन धूसर फिती आणि प्राध्यापकांचा शब्द. आम्ही दोघं त्याला फार मनावर घेत नसू. ट्रॅक्टर माझा. जाडजूड, मान नसलेला, चार वर्षं एकही सामना न चुकवलेला. दर वेळी तीन-चार यार्ड, ना जास्त ना कमी, आणि हातातून चेंडू सुटलेला मी क्वचितच पाहिला. असा विद्यार्थी वर्गात असला की शिक्षकाला झोप लागते. आणि मुंगूस मुलाचा. बारीक, चपळ, गर्दीत शिरला की आता गेलाच म्हणेपर्यंत दुसऱ्या बाजूनं बाहेर आलेला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. बापाबरोबर स्टेडियममध्ये जाऊन त्यानं मुंगसाला पळताना पाहिलं आणि घरी आला तो घसा बसवून. मुंगूस दोन वर्षं असा खेळला की टीव्हीवरच्या लोकांनाही शब्द सापडेनात. तिसऱ्या वर्षी अर्ध्या सीझनमध्ये त्यानं संघ सोडला. मला बरं नाही, मला थांबायला हवं, एवढंच त्यानं सांगितलं. पाय मोडलेला नव्हता, खांदा निखळलेला नव्हता. लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. मीही घरात म्हटलंच होतं. "एवढी देवानं देणगी दिली आणि पळपुटा निघाला." मुलगा तेव्हा माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता, पण तिसऱ्या दिवशी भांडायला आला. म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

गुणपत्रिका ही माझी कल्पना. डायनिंग रूममध्ये मोठा पांढरा फळा आहे, कारण ग्रीन कार्ड आल्यापासून मी आसपासच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सीझन ऐन भरात आला की मी त्या फळ्यावर रकाने आखायचे. पळण्याचे चाळीस, दुसऱ्याला वाट करून देण्याचे वीस, चेंडू सांभाळण्याचे वीस, मोठ्या सामन्यांचे वीस. कॉलेजच्या चारही वर्षांचे गुण मांडून सरासरी काढायची. आमच्याकडं दिवाळीला येणारी मंडळी फराळापेक्षा या निकालाला जास्त यायची. गणपतीत आरती हाफटाइमला, म्हणजे मॅचच्या मध्यंतराला, आणि दिवाळीत निकाल हाफटाइमला, हे आमच्या घरचं पंचांग होतं. मी बोर्डाच्या थाटात निकाल वाचायचे, मुलगा पालकासारखा तक्रार घेऊन उभा राहायचा, लोक पोट धरून हसायचे.

बापाच्याच विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला तेव्हा आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी तो शांत झाला. फोनवर कमी बोलायचा, भांडायचा नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, पोरगं आता सेटल झालं. पोच आली." मी हे कौतुकानं म्हटलं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या शनिवारी तो सकाळीच आला. दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. मी म्हटलं, "आधी दाढी कर, लोक येणार आहेत." तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. मी चकल्या तळत होते.

"आई, तुला थोडा वेळ आहे?"

"एवढा घाणा काढू दे."

तो थोडा वेळ थांबला आणि गेला. तासाभरानं परत आला. तेव्हा मी तीस माणसांच्या मसालेभाताला फोडणी घालत होते. त्याला म्हटलं, "अरे, संध्याकाळी बोलू ना निवांत. जा, खुर्च्या लाव." त्यानं खुर्च्या लावल्या. नीट, ओळीत लावल्या. हे मला का आठवावं कोण जाणे, पण त्या ओळीतल्या खुर्च्या मला रोज दिसतात.

हाफटाइमला लोक ओरडायला लागले. "काकू, निकाल लावा, निकाल!" मी पदर खोचला आणि फळ्यापाशी गेले. म्हाताऱ्याचा नेहमीप्रमाणे पुराव्याअभावी निकाल राखून ठेवला. ट्रॅक्टर विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. मग मुंगूस. पहिल्या दोन वर्षांचे गुण मी भरभरून दिले, ते मी कधीच नाकारले नव्हते. दर वर्षी पुढच्या दोन रकान्यांत मी तो खेळला तेवढ्या सामन्यांचं काहीतरी टाकायचे, थोडे ग्रेस द्यायचे आणि त्याला काठावर पास करायचे. त्या दिवशी माझ्या काय अंगात आलं होतं! घर भरलेलं, फराळ छान झालेला, सगळे माझ्याकडं बघतायत. मी तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात मोठ्या अक्षरात 'गैरहजर' लिहिलं आणि खाली 'नापास'.

हशा झाला. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला.

"आई, तो नापास नाही झाला. तो पेपरला बसू शकत नव्हता. त्याला बरं नव्हतं."

"काय झालं होतं? हात मोडला होता?"

"नाही."

"पाय?"

"नाही. पण बरं नव्हतं."

"बरं कुणालाच नसतं रे. मलापण सकाळपासून कंबर धरून आलीय, तरी तीस माणसांचा स्वयंपाक केला ना?"

पुन्हा हशा. एक काका म्हणाले, "वहिनींनी सिक्सर मारला!" मुलगा माझ्याकडं बघत होता. त्याचं मराठी त्या दिवशी एकदम स्वच्छ होतं, एकही शब्द अडला नाही.

"मग पायऱ्यांचे गुण तरी दे. तूच म्हणतेस ना, उत्तरापर्यंत पोचला नाही तरी पायऱ्यांचे गुण द्यायचे."

मुद्दा बिनतोड होता. माझंच हत्यार त्यानं माझ्यावर उगारलं होतं आणि मला त्याचं कौतुकही वाटलं. पण तीस माणसांपुढं मी हरणार होते थोडीच? मी खडू फिरवावा तसा मार्कर हवेत फिरवला आणि म्हणाले, "पायऱ्या असतील तर गुण देईन. कोरा पेपर ठेवून वर्गातून उठून गेलेल्याला पायऱ्यांचे गुण कसले?"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मुलानं फळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "ओके."

बारा वर्षांत वादामध्ये तो कधी ओके म्हणाला नव्हता. मला वाटलं, जिंकले. दुसरा हाफ सुरू झाला, मी मसालेभात वाढायला गेले. संध्याकाळी निवांत बोलायचं होतं, पण संध्याकाळी तो घरात नव्हता. उद्या लवकर लॅब आहे असं बापाला सांगून निघून गेला होता. फराळाचा डबा टेबलावर तसाच. मी नवऱ्यावरच ओरडले, "तुला डबा आठवणीनं देता येत नाही?"

थँक्सगिव्हिंगला प्रोजेक्ट होता, ख्रिसमसलाही प्रोजेक्ट. जानेवारीत नवऱ्याला फोन आला. मी शेजारीच होते, पण मुलानं स्पीकर लावू नको असं सांगितलं असावं, कारण नवरा फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. अर्ध्या तासानं आत आला आणि उभ्या उभ्या सांगितलं. मुलानं कॉलेज ऑक्टोबरातच सोडलं होतं. सकाळी उठवत नव्हतं, वर्गापर्यंत जाऊन दारातून परत यायचा, मग जाणंच थांबलं. तिथल्या डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं, औषधं दिली. इथं मूल अठरा वर्षांचं झालं की कॉलेज आईबापाला काही कळवत नाही.

"दिवाळीला घरी आला होता, तेव्हा बोलला का नाही?" मी म्हटलं.

नवरा हातातला फोन उलटसुलट करत राहिला.

"बोल ना! एवढं घरी आला होता, आपण काय खाल्लं असतं त्याला?"

"तुला सांगायलाच आला होता," नवरा म्हणाला. "आधी आईला सांगायचं होतं त्याला. म्हणाला, मी विचारायच्या आधीच आईनं उत्तर देऊन टाकलं."

मी आधी भडकलेच. मी त्याला थोडंच म्हटलं होतं, मी त्या पळणाऱ्याबद्दल म्हटलं होतं, मला काय स्वप्न पडलं होतं, असं मी बराच वेळ बोलत राहिले. मग मला चकल्यांचा घाणा आठवला आणि तो दोनदा येऊन उभा राहिला होता ते आठवलं, आणि मी ओट्यापाशी खाली बसले. तिसऱ्यांदा तो फळ्यापाशी आला होता. तिसऱ्यांदा तरी मला ऐकू यायला हवं होतं. त्यानं पायऱ्यांचे गुण मुंगसासाठी मागितलेच नव्हते. परक्या पोरांच्या उत्तरपत्रिकांत मी अर्धा-अर्धा गुण शोधत बसायचे, आणि माझं पोर समोर उभं राहून मागत होतं तेव्हा मी टाळ्या मिळवल्या.

आम्ही लगेच त्याच्याकडं गेलो. त्यानं दार उघडलं, आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. पाहुण्यांशी वागावं तसं. मी रडले, माफी मागितली. तो म्हणाला, "इट्स ओके, आई. यू डिडन्ट नो." घरी चल म्हटलं तर नको म्हणाला. उन्हाळ्यात तो चँडलरला गेला. त्याचा शाळेपासूनचा मित्र तिथं चिप बनवणाऱ्या कंपनीत लागला होता, त्याच्या अपार्टमेंटमध्ये एक खोली रिकामी होती. मुलगा एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करायला लागला. दर रविवारी फोन येऊ लागला. कशी आहेस, काय केलंस, मी बरा आहे. मी मुद्दाम मॅचचा विषय काढायचे. तो म्हणायचा, "अच्छा, जिंकलो का? नाईस."

मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी फेरतपासणीला बसले. बोर्डात असतेच ती सोय. गुणांबद्दल शंका असेल तर अर्ज करा, उत्तरपत्रिका पुन्हा काढतात. दुपारी शिकवण्या सुरू व्हायच्या आधी मी कॉम्प्युटरवर मुंगसाचे सामने लावायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वही आणि लाल पेन घेऊन. नवरा एकदा मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बैल गेला नि झोपा केला." तो वाईट अर्थानं म्हणाला नव्हता, त्याचेही डोळे भरले होते. मी त्याला तिथून हाकललं.

सगळे सामने पाहायला मला पावणेदोन महिने लागले. मी इतकी वर्षं फक्त चेंडू बघत होते. कॅमेराही चेंडूच बघतो. पण चेंडू दुसऱ्याकडं असतानाही मुंगूस खेळत असायचा. स्वतःच्या दुप्पट आकाराच्या गड्याच्या अंगावर जायचा, आडवा पडायचा, आणि त्याच्या पाठीमागून दुसराच कुणीतरी पुढं पळत जाऊन वाहवा मिळवायचा. दुसऱ्याला वाट करून देण्याच्या वीस गुणांत मी त्याला दर वर्षी सात-आठ टाकत आले होते. का, तर बारीक अंगाचा आहे म्हणून. बघितलंच नव्हतं मी.

आणि तिसऱ्या वर्षीचे ते शेवटचे सामने. त्यात तो आधीपेक्षा वाईट खेळत नव्हता. चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन करायचा, सगळे त्याच्याकडं धावत यायचे, तोवर तो चेंडू रेफरीच्या हातात देऊन निघालेला असायचा. बाकाच्या टोकाला जाऊन बसायचा, हेल्मेट न काढता. टीव्हीवरचे लोक म्हणत होते, काय शांत मुलगा आहे, किती पोच आलीय याला. ते ऐकलं आणि मी कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशी आलेल्या मुलांना मी शिकवलं नाही, गणितं देऊन बसवलं आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून रडले. वर्ष-दीड वर्षात मी पुष्कळ रडले होते, पण ते माझ्या चुकीबद्दल. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पोरासाठी रडले. किती दिवस तो तसा बाकाच्या टोकाला बसला असेल आणि मी फोनवर त्याला विचारत होते, जेवलास का.

मी चँडलरला निघाले तेव्हा वही बॅगेत घातली. नवरा म्हणाला, "परत मार्क? सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुझा." मी म्हटलं, त्याला दाखवायचंय की मी चुकले. "मग नुसतं सांग ना," तो म्हणाला. मी आयुष्यात चूक नुसती सांगितलेली नाही, कागदावर दाखवलेली आहे. वही घेऊनच गेले.

मुलगा विमानतळावर घ्यायला आला होता. अंगानं भरलाय, दाढी नीट कापलेली, हाताच्या नखांत सायकलीचं काळं ग्रीस. मला बघून हसला, बॅग घेतली. बरा दिसत होता. खरंच बरा होता, हे मला आधी सांगायला हवं. बाकी सगळं त्याच्यानंतरचं आहे. त्याच्या घरी छोटी गॅलरी आहे, तिथं दोन खुर्च्या. ऊन उतरलं होतं. त्यानं चहा केला, आलं किसून घातलं होतं. मी वही काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं पानं उलटली. एकेका सामन्याचं एकेक पान, पायरीपायरीनं गुण दिलेले. मी बोलत होते. म्हटलं, "मी चुकले. नुसती त्या दिवशी नाही, पहिल्यापासून चुकले. मी बघतच नव्हते. वाट करून देण्यात त्याच्यासारखा आपल्या संघात कुणी झालाच नाही. तिसऱ्या वर्षी तो बसत होता पेपरला, शेवटपर्यंत लिहीत होता, आजारी असून. तू बरोबर होतास. आणि मला कळलंय तू त्या दिवशी काय मागत होतास. मी दिलं नाही. ते माझ्यानं विसरवत नाही."

तो ऐकून घेत होता. शेवटच्या पानापर्यंत आला, वही मिटली, मांडीवर ठेवली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"आई, यू डिड सो मच वर्क," तो म्हणाला. "थँक यू. रियली."

"मग? बरोबर आहे ना? काही राहिलं का? तू सांग, तुला जास्त माहितीय."

"मला नाही ना आठवत एवढं. मी आता बघत नाही."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाला, "तुझ्यामुळं नाही, आई. जस्ट, दॅट पार्ट इज ओव्हर. आय'म गुड."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला. राग असता तर मी त्याला धरून ठेवलं असतं, महिनाभर तिथंच राहिले असते, त्यानं चार शब्द सुनावले असते, मी आठ सुनावले असते, आणि केव्हातरी आम्ही दोघं दमून जेवायला बसलो असतो. मला भांडणाऱ्या माणसांची सवय आहे. समोर बसलेला हा समजूतदार, गोड मुलगा माझ्या ओळखीचा नव्हता.

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं. आम्ही दोघं ते बघत बसलो. मग मी मुद्दाम, ठसक्यात, अगदी फळ्यापुढं उभी असल्यासारखी म्हणाले, "पण काही म्हण तू, सगळ्यांत थोर आपला ट्रॅक्टरच! चार वर्षं एक सामना चुकवला नाही पठ्ठ्यानं. तुझ्या मुंगसाला जन्मात जमलं नसतं."

म्हणाले आणि वाट बघत राहिले. त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, की आता खुर्चीत पुढं सरकेल, आता हात वर करेल, आता म्हणेल, आई, तुला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही.

तो हसला.

"हो गं आई," म्हणाला, "यू'र प्रॉबब्ली राइट." आणि माझ्या हातातला रिकामा कप घेऊन तो धुवायला आत गेला.